आठ अँटेनांचा राउटर

सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस. जुनी इमारत, भिंती दीड फूट जाड. सप्टेंबर संपत आलेला, टॅक्स ऑडिट रिपोर्टची मुदत ३० तारखेची, आणि आतल्या खोलीत बसणाऱ्या आर्टिकलच्या, म्हणजे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या, मुलांचे रिपोर्ट अपलोड होता होता अडकत होते. सरांनी आठ अँटेनांचा महागडा राउटर पसंत करून ठेवला होता. मला बोलावलं होतं ते फक्त तो बसवायला.

"सर, आधी एक फेरी मारू द्या," म्हटलं आणि मोबाइलवर वाय-फायचा सिग्नल मोजणारं ॲनालायझर ॲप उघडून फिरलो. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. रिसेप्शनला उणे ४५ डीबीएम, म्हणजे उत्तम. आतल्या खोलीच्या दारात उणे ७४. मुलांच्या टेबलाशी थेट उणे ८४! दारापासून टेबल चार पावलांवर. मधे होती लोखंडी कपाटांची रांग, जुन्या फायलींनी गच्च भरलेली. विटांच्या भिंतीतून सिग्नल थोडाफार तरी पार होतो, पत्र्यावरून तो मागेच फिरतो. त्यात वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारची दुकानं आणि क्लास यांनी तिन्ही भरलेले. ५ गिगाहर्ट्झ मोकळा होता, पण जाड भिंतीपुढे तो आणखी लवकर दमतो.

"म्हणूनच तर मोठा राउटर घेतोय ना?" सर म्हणाले.

"राउटर लाऊडस्पीकरवर बोलेल हो सर, पण लॅपटॉपचं हळू आवाजातलं उत्तर त्याला ऐकू यायला हवं ना? अपलोड तिथेच अडकतंय."

एका मुलीने मेश सुचवलं, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याने पुढे नेणारे वाय-फायचे डबे. सूचना चांगली होती, पण बिनवायरीच्या मेशमध्ये दुसऱ्या डब्यालाही सिग्नल त्याच भिंतीतून घ्यावा लागतो. मग मी बॅगेतला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरला वायरने जोडून त्या जागी वाय-फाय देणारा डबा, काढला, शिपाईमामांनी स्टूल धरलं, वायर तात्पुरती जमिनीवरून ओढली. टेबलाशी उणे ५१. अडकलेला रिपोर्ट त्या मुलीने पुन्हा चढवला, आणि तो गेला. सर स्वतः खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

राउटरचा विषय तिथेच संपला. छताला लावायचे वाय-फाय ६ चे तीन ॲक्सेस पॉइंट ठरले आणि सोबत त्यांच्या वायरी जोडायला आठ पोर्टचा पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच. पीओईमुळे डेटा आणि वीज एकाच वायरने जाते, छतापाशी प्लग पॉइंट काढावा लागत नाही. तिघांची पॉवर मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे लॅपटॉप लांबच्या पॉइंटला चिकटून बसत नाही. २.४ गिगाहर्ट्झ फक्त प्रिंटरसाठी.

वायरवर मात्र मी अडून बसलो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची कॅट सिक्स नेटवर्क वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त, पीओईवर ती तापते. दीड फुटाच्या भिंतीत एकदा घातलेली वायर कोण पुन्हा काढणार? "शुद्ध तांब्याचीच घ्या सर," म्हटलं. त्यांनी अंदाजपत्रकातली ती ओळ वाचली आणि सही केली.