पाच वाजताचे भडंग

सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला १४ वर्षे झाली. या गावात कमी कर्बोदकांचा आहार सांगणाऱ्याची गाठ पोळी-भाताशी नंतर पडते, आधी भडंगाशी पडते, हे मला पहिल्याच वर्षी कळले होते. पोळी कमी करा म्हटले की लोक कुरकुरत का होईना, करतात. भडंग मात्र खाण्यात मोजलेच जात नाही. ते चहाबरोबरचे, पाहुण्यांसाठीचे, प्रवासातले असते आणि हाताला इतके हलके लागते की त्यात काय एवढे खाल्ले, असेच वाटत राहते. वास्तविक चुरमुरे म्हणजे वजनाने बहुतांश पिष्टच, आणि त्यावर तेल, लसूण, तिखट, मीठ असे सगळे जमून आले की हात डब्यातून बाहेर येत नाही.

ज्या सरांची ही हकिगत आहे, ते माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. वय ६३, मधुमेह ११ वर्षांचा, आणि औषधांत मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड. मी त्यांना दिवसाला साधारण १०० ग्रॅम कर्बोदकांचा आहार आखून दिला होता: एका वेळी एकच ज्वारीची भाकरी, भात बंद, उसळ, पनीर, ताक आणि भाज्या भरपूर. शिक्षक माणूस, त्यामुळे आखणी पाळली जात होती. तीन महिन्यांत त्यांचे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, ९.१ वरून ७.४ वर आले. फक्त दर भेटीत ते एकच कबुली देत. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांना भडंगाची अशी तल्लफ येई की आधी वाटीभर, मग दुसरी वाटी, आणि शेवटी डब्याच्या तळाशी राहिलेले लसणीचे तुकडेसुद्धा.

मी त्यांना तेच सांगत होते जे सगळ्यांना सांगते. छोटी वाटी घ्या, डबा जागेवर ठेवून या, पाणी प्या, दहा मिनिटे थांबा. दर वेळी ते मान खाली घालत, आणि मला मनातून वाटे की यांचा निग्रहच कमी पडतो आहे. हे लिहिताना मला संकोच होतो, पण वाटत होते हे खरे.

जानेवारीतल्या एका दिवशी सकाळच्या सगळ्या वेळा भरलेल्या असल्याने मी त्यांना प्रथमच दुपारी साडेचारला बोलावले. आधीच्या भेटी लांबल्या आणि ते आत येईपर्यंत पाच वाजून गेले होते. एरवी अत्यंत सौम्य असलेले सर काहीशा त्राग्यानेच खुर्चीत बसले, पिशवीतून भडंगाचा पुडा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, खालच्या दुकानातून आत्ता घेतला. बाहेर बसून उघडणारच होतो. हा तुमच्याकडेच ठेवा." असे म्हणता म्हणता त्यांनी तो पुडा पुन्हा ओढून घेतला आणि दातांनी फाडला. चार चुरमुरे माझ्या वहीवर सांडले.

मी माझे नेहमीचे बोलायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबले. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. खोलीत पंखा बंद होता, मी स्वतः स्वेटर घालून बसले होते. पुडा धरलेली त्यांची बोटे थरथरत होती. मी त्यांच्या हातातला पुडा बाजूला घेतला आणि ग्लुकोमीटरने बोटातले रक्त तपासले. साखर ५८ होती. ७० च्या खाली साखर गेली की ती कमी झाली असे आम्ही धरतो. येथे तर मामला त्याच्याही बराच पुढे गेला होता.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मी त्यांना प्यायला दिली. १५ मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ८६ झाला होता. कपाळ कोरडे झाले, आवाज खाली आला. फाडलेला पुडा अजून टेबलावरच होता. लसणीचा वास सगळ्या खोलीत पसरला होता आणि सरांचे त्याकडे लक्षही नव्हते. "विचित्र आहे," ते म्हणाले, "आता नको वाटतंय."

कारण उघड होते, आणि ते मला तीन महिने दिसले नव्हते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, आणि पोटात भाकरी किती गेली याची ते फारशी दखल घेत नाही. एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा खाली जात नाही. मी आहारातली कर्बोदके निम्म्याहून कमी केली आणि गोळीची मात्रा मात्र जुन्याच जेवणाच्या हिशेबाची राहिली. आखणीच्या कागदाच्या तळाशी "औषधांबाबत डॉक्टरांशी बोलावे" असे मी छापलेले होते. ते वाचून कोणी बोलले आहे की नाही, हे विचारणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. त्यांच्या फिजिशियनना मी तिथूनच फोन लावला. गोळी त्याच दिवशी निम्मी झाली आणि महिन्याभरात त्यांनी ती बंदच केली.

हे प्रकरण येथे संपले असते तर सोयीचे झाले असते. मी सरांना सांगितले होते की तल्लफ आली की आधी साखर तपासा आणि मग वहीत वेळ, आकडा आणि पुढे काय केले ते लिहा. त्यांनी शंभर पानी वहीत पट्टीने रकाने आखले. पहिल्या आठवड्यातल्या पाचच्या नोंदी ६४, ६७, ६१ अशा होत्या. मात्रा उतरली तशा त्या थांबल्या. पण त्याच वहीत रात्री दहाच्याही नोंदी होत्या, बातम्या पाहतानाच्या, आणि तिथे आकडे ११८, १२६, १२१ असे होते. घाम नाही, थरथर नाही, जेवण दोन तासांपूर्वीच झालेले. एकाच नावाच्या दोन तल्लफा होत्या. पाचची तल्लफ शरीराची हाक होती. दहाची भडंगाची स्वतःची होती.

आम्ही ज्याला ट्रिगर फूड म्हणतो ते हेच: जे थोडे खाऊन थांबता येत नाही. त्यासाठी माझी छोटी वाटी कुचकामी ठरली होती, आणि ती नऊ वेळा ठरली हे सरांनी तारखांसह दाखवून दिले. चुरमुऱ्यांऐवजी खारे शेंगदाणे सुचवले, तर पंधरवड्यात शेंगदाण्यांचाच डबा रिकामा होऊ लागला. कर्बोदके कमी असली म्हणून हात थांबतोच असे नाही. शेवटी भडंग घरात ठेवायचेच नाही असे ठरले. काकूंना ते पटले नाही. "घरात भडंग नाही म्हटल्यावर आल्यागेल्याला काय देऊ?" हा त्यांचा प्रश्न सांगलीत तरी रास्तच होता. तोड त्यांनीच काढली: पाहुणे येतील त्या दिवशी तेवढ्यापुरतेच करायचे आणि उरलेले त्यांच्याच पिशवीत बांधून द्यायचे. शिवाय त्यांनी काकडीच्या कोशिंबिरीवर भडंगाचीच फोडणी, म्हणजे ठेचलेली लसूण, कढीपत्ता, तिखट, वर थोडे दाण्याचे कूट, घालून रात्री वाटीभर द्यायला सुरुवात केली. सर त्याला "भडंगाचे श्राद्ध" म्हणतात, पण खातात.

माझ्या तपासणीच्या कागदावर आता पहिल्या पानावरच दोन रकाने आहेत: गोळ्यांची नावे आणि मात्रा, आणि तल्लफ किती वाजता येते. गेल्या भेटीत सरांनी वही पुढे केली. नातू पुण्याहून आला होता, त्या रात्रीची नोंद अशी होती: "१०.२०. साखर १२३. भडंग, तीन वाट्या. डबा नातवाबरोबर पाठवायचा राहिला."