तुम्ही विचारलंत म्हणून: सातारची बाई, समुद्रावरचं भूत

मागच्या महिन्यात पोवई नाक्यावर पेढे घेत होते. तोलता तोलता दुकानातल्या बाई म्हणाल्या, “तुमच्या गोष्टी वाचते मी दिवाळी अंकात. एक विचारू? तुम्ही सातारच्या ना? मग तुमचं भूत सारखं समुद्रावर कसं? अजिंक्यताऱ्यावर एखादं बसवा की!” मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी लगेच दुसरा प्रश्न जोडला. “पण भुतं मानता का तुम्ही?” पेढ्यांचा पुडा घेऊन मी हसत सटकले. हे दोन्ही प्रश्न मला भिशीत, वाचनालयात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दात काढायला तोंड उघडून बसले असतानाही विचारले गेलेत. आज जरा बसून उत्तर देते.

ज्यांनी माझं काहीच वाचलेलं नाही, म्हणजे बहुतेक सगळ्यांनी, त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या गोष्टी एका समुद्रकाठच्या छोट्या गावात घडतात. गावाला मी नाव दिलेलं नाही, कारण दिलं की तिथलं कुणीतरी उठून म्हणतं, आमच्याकडे असा धक्का नाही. सातारची एक लेक तिथे दिलेली आहे. घरगुती खानावळ चालवते, सगळे तिला वहिनी म्हणतात. स्वयंपाकघराला लागून बंद पडलेलं पोस्ट आहे आणि त्यात एक पोस्टमास्तर राहतात, जे वारून बरीच वर्षं झाली. टपाल लावता लावता गेले, एक मनीऑर्डर द्यायची राहिली, म्हणून अडकले. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. वहिनीचा जीव होत नाही. गावात काहीतरी अघटित घडतं, पोलीस एका दिशेला जातात आणि वहिनी आमटी ढवळत दुसऱ्या. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’, म्हणजे ऊबदार, म्हणतात. रक्त पानावर सांडत नाही, मुडदा फार वेळ खोलीत ठेवत नाहीत, शोध घेणारी व्यक्ती शेजारपाजारची असते आणि मध्ये मध्ये खाणंपिणं भरपूर.

आता समुद्र. मी घाटावरची असले तरी आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं. मे महिन्यात साताऱ्याहून एसटीनं कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचो. घाट संपला की आई खिडकीची काच सरकवायची आणि म्हणायची, “आला वास.” मला तो वास चिपळूणपर्यंत कधी आला नाही, तिला यायचा. शाळेत पुढे शिकले की कोयनेचं पाणीही याच वाटेनं जातं. कोयना महाबळेश्वरला उगवते, कराडला कृष्णेला मिळते आणि त्या हिशेबानं तिनं बंगालच्या उपसागराला जायला हवं. पण धरण झालं, बोगदे खोदले, आणि तिचं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात पडतं, तिथून वाशिष्ठीत, आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीनं अरबी समुद्रात. तेव्हा सातारच्या बाईचा समुद्राशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी आधी वीजबिल दाखवते.

आजोळी मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, आजीची भुतं. दोन, आजोबांचं गणित.

गणित आधी सांगते, कारण माझ्या गोष्टी त्यावर उभ्या आहेत. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. घरात भरतीचं कोष्टक कुठून असणार? आजोबा म्हणायचे, “तिथीची पाऊणपट कर.” आज चतुर्थी? चारची पाऊणपट तीन. भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि रात्रीही. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. किनाऱ्याकिनाऱ्याला थोडंफार इकडेतिकडे होतं, पण माणूस पाण्यात अडकत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी पार वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र जेमतेम वरखाली होतो. कालनिर्णय आणि पाऊणकी, एवढ्यावर अख्खा किनारा कळतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? आमच्या कृष्णेला पूर येतो तेव्हा येतो, वेळ देऊन येत नाही. समुद्र वेळ पाळतो, आणि वेळ पाळणारा साक्षीदार खोटं पकडून देतो.

माझ्या दुसऱ्या गोष्टीत एक जण शपथेवर सांगतो की अष्टमीच्या मध्यरात्री धक्क्याच्या वरच्या पायरीवर लाटा आपटत होत्या, त्या आवाजात मला हाक ऐकू आली नाही. वहिनी घाटावरची, तिला ते पटतं. रात्री मास्तर कानावरची पेन्सिल काढतात. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. भरती संध्याकाळी सहाला. म्हणजे मध्यरात्री पुरी ओहोटी, त्यात भांगाचे दिवस. वरच्या पायरीला त्या रात्री ओल लागायचीसुद्धा सोय नव्हती. गोष्ट तिथे फुटते. ही गोष्ट वाचून एका वाचकानं कळवलं होतं की त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पंचांग उघडलं. माझ्या लेखनाचा समाजाला झालेला हा एवढाच उपयोग.

किनाऱ्यावर भुताला कामही भरपूर असतं. हेदवीची बामणघळ बघितली आहे? खडकात समुद्रानं कापलेली अरुंद चीर. भरतीच्या वेळी लाट आत घुसते, पुढे जागा उरत नाही, मग पाणी दणकन उसळून वर उडतं. लहानपणी लांबून नुसता आवाज ऐकला तेव्हा मी आईच्या पदरात तोंड घातलं होतं. जवळ नेऊन दाखवल्यावर भीती गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिकडेच चला म्हणून हट्ट धरला. आणि एकदा थंडीत गेलो होतो तेव्हा रात्री लाटा फुटताना निळ्या पेटत होत्या. ओल्या वाळूवर पाय आपटला की पायाखाली ठिणगी. गडी म्हणाला, बुडालेल्यांचे दिवे आहेत. आजोबा म्हणाले, किडे आहेत पाण्यातले. पुढे कळलं की त्याला नॉक्टिल्युका म्हणतात. एकपेशीय जीव, पाणी ढवळलं की उजळतात. मी दोन्ही उत्तरं जपून ठेवली आहेत. गोष्टीत पहिलं उत्तर पहिल्या पानावर येतं आणि दुसरं शेवटच्या.

आणि खुनाला कारण? ते तर कोकणात सातबाऱ्यावरच छापलेलं असतं. पणजोबांच्या नावची वाडी, त्यावर तीस-चाळीस नावं चढलेली, निम्मे मुंबईला, काही कुठे आहेत तेच माहीत नाही, आणि समोर समुद्र दिसतो म्हणून गिऱ्हाईक दारात उभं. अशा वेळी घरात भूत आहे अशी आवई उठली की घर स्वस्तात सुटतं. माझ्या चार गोष्टींत खलनायक एकाच जातकुळीचा आहे: जो लोकांना भुताची भीती घालतो तो. खरं भूत बिचारं शेजारी बसून टपाल लावत असतं.

आता दुसरा प्रश्न. मानता का?

नाही. पण आजोळी माझी आजी होती, आणि तिच्या भुतांना मी नाही कशी म्हणू? आजी संध्याकाळी ओटीवर कुळीथ निवडताना भुतांची ओळख करून द्यायची, जशी कुणी नातेवाइकांची करून देतं. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. पैशात जीव अडकला तो समंध, पुरलेल्या हंड्यावर बसून. बुडून मेला तो गिऱ्हा, पाण्यात. चकवा तर मारतही नाही, नुसती वाट चुकवतो आणि रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो. फार वर्षांनी, ऑफिसात खतावण्या लिहिताना कधीतरी माझ्या डोक्यात आलं की ही सगळी येणेबाकीची यादी आहे. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं मूल बघायचं राहिलं, कुणाचे पैसे. मी तीस वर्षं हिशेब लिहिले. बाकी दिसली की मला चैन पडत नाही. मास्तरांची मनीऑर्डर तिथून आली.

मी आजीला एकदा विचारलं होतं, तू पाहिलंस का कधी? ती म्हणाली, “अगो, बघायचं कशाला? ते आहेत म्हणून आपण दिवेलागणीला कुणाचं वाईट बोलत नाही, एवढं पुरे.”

१९२९ साली इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूंनी रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यात भुताखेतांना सरळ मनाई आहे. चोरवाट मात्र एक चालेल म्हणतात, एकच. धर्मगुरूनं भुताला बंदी घालावी याची मला गंमत वाटते, पण त्यांचं म्हणणं रास्त आहे. भूत येऊन सांगून गेलं की खुनी अमुक, तर वाचकानं डोकं कशाला चालवायचं? म्हणून मास्तरांना मी एका नियमात बांधलं आहे. ते पोस्टमास्तर आहेत. दुसऱ्याचं पत्र ते उघड करत नाहीत, मेल्यावरही नाही. कुणी कुणाला काय लिहिलं हे त्यांना सगळं माहीत असतं आणि वहिनीनं कितीही गोड बोलून विचारलं, सातारहून आलेला कंदी पेढ्यांचा पुडा समोर ठेवला, तरी ते मान हलवतात. गणित सांगतील. पत्ता चुकला असेल तर तो सांगतील. बाकी वहिनीनं आपलं आपण शोधायचं. पेढा मात्र सकाळी जागेवर नसतो. (मुंग्या, असं वहिनी म्हणते.)

सातारची असून भुतं लिहिता, यात आणखी एक टोचणी असते, आणि ती न बोलता कळते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या गावचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. बुवा-भगतांच्या तावडीतून माणसं सोडवण्यात त्यांची हयात गेली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे त्या कायद्यानं गुन्हे आहेत. माझ्या गोष्टीतला भगत हे दोन्ही करतो आणि पकडला जातो, म्हणून कलमं मी वाचलेली आहेत.

त्या वर्षी मी दिवाळी अंकाला गोष्ट दिली नाही. संपादकांचा फोन आला, मी तब्येतीचं कारण सांगितलं. खुनाची गोष्ट, आणि तीही मजेची, लिहायला हात उठेना. तेव्हा एका मैत्रिणीनं तिसरा प्रश्न विचारला, जो सहसा कुणी विचारत नाही: “खुनात ऊब कसली गं वाटते तुला?” मला उत्तर आलं नाही. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. दहा वर्षं आणि जवळजवळ नऊ महिने. मी हिशेबाची बाई, मी मोजले. माझ्या वहिनीला खुनी सापडायला चाळीस पानं लागतात आणि तेवढ्यात दोनदा जेवणं होतात. मैत्रिणीला मी तो पेपर दाखवला आणि म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांमध्ये कुठेतरी आहे. ती काही बोलली नाही. चहा झाला.

परवा दापोलीकडून एका वाचकाचा फोन आला. बोट असलेले गृहस्थ. “ताई, गोष्ट बरी आहे, पण जुलैत तुम्ही रात्री समुद्रात मच्छीमारी बोट दाखवलीत. १ जून ते ३१ जुलै बंदी असते. इंजिनाच्या बोटी तेव्हा वर ओढून शाकारलेल्या असतात. असल्या दिवसांत कोण जाईल पाण्यात?”

मी चूक कबूल केली, आभार मानले, फोन ठेवला. मग तशीच बसून राहिले. खरंच की. वादळी पाऊस, सगळ्या बोटी किनाऱ्यावर झापांखाली, नारळी पौर्णिमेला अजून अवकाश. मग त्या रात्री इंजिनाचा आवाज कुणाचा होता?

कालनिर्णय काढलं, तिथी बघितली. पाऊणपट केली.