परसातला समुद्री गरुड

आज सकाळी गोव्यातल्या केरीला मावशीकडे गेले होते. परसात पाऊल टाकलं तोच मावशीने हात धरून मागे ओढलं. "थांब गो, वर बसलीय ती." जुन्या आंब्याच्या शेंड्याजवळ काटक्यांचा हा एवढा ढीग, आणि त्यातून वर आलेलं पांढरंशुभ्र डोकं. समुद्री गरुडाची मादी अंड्यांवर बसली होती!

झाडाखाली माशांचे काटे, पांढरी शीट आणि वाळून कडक झालेला समुद्रसापाचा तुकडा. ही जोडी दर वर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचते, आत हिरवा पाला अंथरते. अंडी बहुधा दोन, उबवायला साधारण ६ आठवडे. पुष्कळदा पिल्लू एकच जगतं.

अकराच्या सुमारास किनाऱ्याकडून कुणाचा तरी ड्रोन आला. मादी उठली, ओरडत त्याच्यावर झेपावली. अंडी उघडी, आणि माडावर दोन कावळे टपलेले. माझ्या पोटात गोळाच आला. मावशीचा मुलगा धावत किनाऱ्यावर गेला, हात जोडून ड्रोन खाली उतरवायला लावला. ती परत येऊन बसेपर्यंत १२ मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते.

केरीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं समुद्र एकेक करून पाडतोय. उंच झाडं उरलीत ती अशा परसांतच. या आंब्याच्या लाकडासाठी दोनदा माणसं येऊन गेली. मावशी म्हणाली, "पिल्लू उडेपर्यंत विषयच नको. मग बघू." थोडं थांबून म्हणाली, "मगसुद्धा नाहीच."