बावन्न सेकंदांची तयारी

नाशिकचं सिडको असो, इंदिरानगर असो की गंगापूर रोड, सोसायटीतल्या ध्वजवंदनाची तयारी म्हणजे दोर, फुलं, खुर्च्या आणि जिलेबी. राष्ट्रगीत सगळ्यांना येतंच, असं धरून चालतात. तिथेच ते बिघडतं.

राष्ट्रगीत निवडताना चालीचा विचार फार बारकाईने झाला होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेवेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं. त्यांच्याकडे ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तिच्यावरून तिथल्या वाद्यवृंदाने ते बसवलं आणि ते लोकांना आवडलं. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी हे संविधान सभेत सांगितलं. परदेशातही बँडवर नीट वाजेल अशी चाल हवी, हा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्रगीतासाठी ‘वंदे मातरम्’चंही नाव पुढे होतं; ते बँडवर बसत नाही या आक्षेपाला उत्तर म्हणून संगीतकार मास्टर कृष्णरावांनी तशी चाल बांधून दाखवली. त्यांच्या त्या खटपटीची आठवण मराठी घरांत राहायला हवी. अखेर २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी मतदान न घेता निवेदन केलं: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान.

मूळ गीताची पाच कडवी, त्यातलं पहिलंच आपण म्हणतो. वेळ सुमारे ५२ सेकंद. आदल्या संध्याकाळी पाच-सहा जणांनी मोबाइलवर वेळ लावून दोनदा म्हणावं. मिनिटाच्या वर गेलं, तर बहुधा प्रत्येक ओळीच्या शेवटी रेंगाळणं होतंय.

सगळ्यात मोठी चूक पट्टीची, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ धरून गायचं त्याची. चाल खालच्या निषादापासून (नी) वरच्या षड्जापर्यंत (सा) जाते आणि तो वरचा षड्ज येतो शेवटी लागोपाठ येणाऱ्या तीन ‘जय हे’पैकी पहिल्याला. सुरुवात उंच झाली की नेमके तिथेच आवाज फाटतात, पुरुष मंडळी गप्प होतात. पेटीवर पांढरी एक किंवा काळी एक धरा. मुलं, बायका, पुरुष सगळ्यांना झेपते. जानेवारीतल्या नाशिकच्या गारठ्यात सकाळी सातला गळा उघडलेला नसतो, तेव्हा याहून वर जाऊच नका.

उच्चारांत तीन जागा सांभाळा. ‘सिंध’, ‘सिंधु’ नव्हे. ‘उच्छल’, ‘उज्ज्वल’ नव्हे. ‘मागे’वर अनुस्वार नाही, हिंदीच्या सवयीने ‘मांगे’ होतं.

ध्वनिमुद्रण लावायचं असेल तर स्पीकर एकाच जागी, ध्वजस्तंभाजवळ ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या दोन टोकांना स्पीकर लावले की एका टोकाजवळच्या माणसाला एकच ओळ दोनदा ऐकू येते आणि गाणारे मागे-पुढे होतात. बँड असेल, तर आधी ढोलाचा रोल येतो, सात संथ पावलांइतका, मग एका ठोक्याची विश्रांती, मग गीत. रोल ऐकताच सावधान.

कुणी गप्प उभं राहिलं तर त्याच्यावर ओरडू नका. गायलाच हवं असं बंधन नाही, आदराने उभं राहणं पुरेसं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलंय. राष्ट्रीय प्रतीकांचा अपमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यात शिक्षा आहे ती मुद्दाम गायन रोखणाऱ्याला किंवा त्यात व्यत्यय आणणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

२०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत आहे. तेही घेणार असाल तर राष्ट्रगीत संपल्यावर क्षणभर थांबा आणि पेटीवर त्याची पट्टी वेगळी द्या.