ग्लेनवूड कॅन्यन, सायकली आणि पुलाखाली थांबलेले बाबा

लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या) लाँग वीकेंडला डेन्व्हरहून आय-70 हायवेने पश्चिमेला निघायचं म्हणजे काय ते कोलोरॅडोत राहणाऱ्यांना सांगायला नको. शनिवार ट्रॅफिकमध्येच गेला.

रविवारी सकाळी ग्लेनवूड स्प्रिंग्समधून सायकली काढल्या. आईसाठी ई-बाइक भाड्याने घेतली, बाबांनी मात्र साधीच पाहिजे म्हणून हट्ट धरला. ग्लेनवूड कॅन्यनचा ट्रेल साधारण 16 मैलांचा, पूर्ण पक्का, आणि कोलोरॅडो नदीला चिकटून जातो. दोन्ही बाजूंना उभे कडे, पलीकडच्या काठावर रेल्वे, अलीकडे आपण, आणि आपल्या शेजारी, कधी कधी तर थेट डोक्यावर, आय-70.

खरं सांगायचं तर मला हा हायवे आधीपासून खटकायचा. एवढ्या सुंदर दरीत ट्रकचा आवाज कशाला? काही ठिकाणी नदीचा खळखळाटसुद्धा नीट ऐकू येत नाही. हे मी नवऱ्याला मोठ्याने ऐकवत होते आणि मागे वळून बघते तर बाबा नाहीत. आई म्हणाली, "थांबलेत मागे, कुठे जातायत." परत गेले तर सायकल स्टँडवर लावून बाबा पुलाच्या खांबाशी उभे, मान वर करून.

बाबांनी आयुष्यभर पुलांचीच कामं केली. मी म्हटलं, "बाबा, चला ना, ऊन वाढेल." तर मलाच हाताला धरून खांबाजवळ नेलं, "अगं, वर बघ. ते सांधे दिसतायत का?" आणि खरंच, पुलाच्या पोटाला आडव्या बारीक रेघा होत्या, सारख्या अंतरावर, दूर वळणापर्यंत. ते काँक्रीटचे तुकडे दुसरीकडे ओतून आणलेले आणि वरूनच एकाला एक जोडत नेलेले, म्हणजे खालची जमीन खणायची, झाडं तोडायची गरज कमीत कमी. खांबापासून हातभरावर जुनी झुडपं तशीच उभी होती, बाबांनी ती पण दाखवली. "हे वाचवायला किती कटकट झाली असेल साइटवर," एवढंच म्हणाले आणि खांबावर तळवा टेकवून उभे राहिले. मला एकदम भरून आलं. लहानपणी बाबा महिनोन्महिने साइटवर असायचे, ते तिथे नक्की काय करतात हे मी कधी विचारलंच नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मग काय, प्रत्येक पुलाखाली थांबा. हायवेचा दरीतला हा साधारण 12 मैलांचा भाग 1992 मध्ये पूर्ण झाला, त्यात 40 पूल आणि व्हायाडक्ट (खांबांवरून जाणारे लांब पूल) आहेत, आणि एक बाजू वर, एक खाली अशी दोन मजल्यांची मांडणी केलीय म्हणजे दरीची कमीत कमी जागा खाल्ली जाते. हे मी नवऱ्याच्या फोनवर वाचून दाखवत होते आणि बाबा मान डोलवत "बरोबर, दुसरा उपायच नाही इथे" म्हणत होते. लेक आजोबांच्या मागे मागे सांधे मोजत होती. हँगिंग लेक या डोंगरातल्या तळ्याच्या पायथ्यापर्यंतचे नऊ-दहा मैल जायला आम्हाला जवळजवळ दुपार झाली आणि मला अजिबात घाई वाटली नाही.

घाई होती ती दुसऱ्यांना. आंधळ्या वळणावर बेल न वाजवता ई-बाइकवरून सुसाट येणारी माणसं बघून माझं डोकं फिरलं. ई-बाइकला विरोध नाही, आईच त्यावर होती, पण ट्रेल अरुंद आहे, लहान मुलं वाकडीतिकडी चालवतात, बेल वाजवायला काय जातं?

ग्रिझली क्रीकच्या पुढे वर बघितलं की काळे पडलेले बुंधे अजून दिसतात. 2020 च्या ऑगस्टमधल्या वणव्यात 32 हजार एकरांवर जंगल जळालं, आणि पुढच्या वर्षी जुलैच्या पावसात त्या उघड्या उतारांवरून चिखल आणि दगड असे आले की हायवे दोनेक आठवडे बंद होता. मुळं गेली की माती कोण धरणार. ट्रेलवरही कडेने खडी सांडलेली असते, वळताना जपून.

हँगिंग लेकवर चढलो नाही, त्याला आधी परमिट लागतं आणि आईच्या गुडघ्यांना ती चढण झेपणारी नव्हती. नदीकाठी बसून डबे खाल्ले. येताना उतार आहे म्हणून सगळे खूश, पण दुपारी वारा बरोब्बर समोरून येतो, उताराचा फायदा निम्मा तिथेच संपतो. शोशोनीच्या जुन्या जलविद्युत केंद्रापाशी (1909 पासूनचं आहे!) दम खायला थांबलो तेव्हा पलीकडून कॅलिफोर्निया झेफिर ही लांब पल्ल्याची रेल्वे गेली, दुमजली डबे, एका डब्याला छतापर्यंत काचा. आई हात हलवत राहिली, आतून पण कुणीतरी हलवला.

संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्विमिंग पूलमध्ये प्रचंड गर्दी, मला नाही आवडलं, बाकीच्यांना आवडलं.

सोमवारी परतायच्या आधी दरीच्या पूर्वेकडच्या बेअर रँचच्या बाजूने थोडं चालवू असं ठरलं होतं. सकाळी सहाला दारावर टकटक. बाबा हेल्मेट घालून उभे, "इकडच्या बाजूचे खांब राहिलेत ना?"