माझा अनुभव: मुलाचं एलडी (अध्ययन अक्षमता) सर्टिफिकेट, लेखनिक आणि दहावी

माझ्या मुलाची तिसरीतली गणिताची वही मी अजून जपून ठेवलीय. बाईंनी तोंडी सांगितलेले आकडे लिहायचे होते. त्रेपन्नला त्यानं ३५ लिहिलंय, सत्तेचाळीसला ७४, आणि एकोणतीसच्या जागी इतक्यांदा खोडलंय की कागदाला भोक पडलंय. खाली लाल पेनानं शेरा, 'लक्ष देत नाही. पालकांनी घरी अभ्यास घ्यावा.'

घरी अभ्यास घेत नव्हते असं नाही हो. पतसंस्थेतून सहाला यायचे, कुकर लावायचा आणि त्याला घेऊन बसायचं ते दहा वाजेपर्यंत. आज पाठ झालेलं उद्या सकाळी कोरं. घ आणि ध, भ आणि म, यात रोज गोंधळ, जोडाक्षर आलं की वाचताना थांबायचाच, आणि फळ्यावरचं उतरवून घेताना निम्मं झालं की तास संपायचा. आणि हाच पोरगा तोंडी विचारलं तर सगळं सांगायचा, शिवाजी महाराजांचा पाठ एकदा ऐकला की तारखांसकट, आमच्या स्टँडवरून कुठली एसटी किती वाजता सुटते आणि वाटेत कुठं कुठं थांबते तेही पाठ. त्यामुळं सगळ्यांचं एकच, हुशार आहे पण आळशी आहे. मीसुद्धा तेच म्हणायचे. दोनदा पट्टीनं मारलंय मी त्याला, हे लिहितानाही हात थरथरतोय.

पाचवीला २०१९ च्या जूनमध्ये नवीन वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी पहिल्या महिन्यातच बोलावून घेतलं. मला वाटलं आता पुन्हा तेच ऐकायला लागणार. तर बाई म्हणाल्या, "ताई, हा आळशी नाहीये. हा इतर मुलांच्या दुप्पट मेहनत करतोय, फक्त ती कागदावर दिसत नाहीये. अध्ययन अक्षमता असू शकते, तपासून घ्या." अध्ययन अक्षमता हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

त्याच महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून टीव्हीवर गदारोळ चालला होता. एकवीसच्या जोडीनं 'वीस एक' असंही वाचायला शिकवा म्हणून, मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, विधानसभेतसुद्धा चर्चा झाली. आमच्या ऑफिसात सगळे नावं ठेवत होते, भाषेचं वाटोळं केलं म्हणून, आणि मी गप्प बसून विचार करत होते की त्रेपन्न म्हणताना आधी तीन ऐकू येतं आणि मग पन्नास, मग माझ्या पोरानं आधी तीन लिहिला तर त्याचं काय चुकलं. घरी येऊन त्याला "पन्नास तीन लिही" म्हटलं. लगेच ५३ लिहिलं! "चाळीस सात"? ४७. एकोणपन्नासला तर 'एक कमी पन्नास' असं आधी मनात सोडवायला लागतं, आपल्याला सवयीनं ते जाणवतच नाही. पाचवीत आमचं सेमी होतं, गणित इंग्रजीतून, तिथं फिफ्टी थ्री म्हटलं की त्याचं बरोबर यायचं, फक्त आमच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्या मते त्या पुस्तकावर हसणाऱ्यांनी अशा एका तरी मुलाजवळ बसायला हवं होतं.

मग तपासण्या. आधी डोळे आणि कान, कारण दिसत नाही किंवा ऐकू येत नाही म्हणून वाचता येत नसेल तर ते वेगळं. दोन्ही नॉर्मल. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक शाळेत यायचे, त्यांनी वह्या बघितल्या आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. आमचं पहिलंच घोडं अडलं ते नावात, आधारवर वडलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळं, ते दुरुस्त करण्यात दीड महिना. ज्यांना पुढं हे करायचंय त्यांनी आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा.

फेब्रुवारी २०२० मध्ये पहिली तारीख मिळाली. सकाळी सहाची एसटी, दोन तास प्रवास, रांगेत बारा वाजले आणि मग कळलं मानसोपचार विभागातल्या मॅडम रजेवर. पुढची तारीख मार्चच्या शेवटची, आणि तेवढ्यात लॉकडाऊन लागला. पुढची दीड वर्षं काहीच हललं नाही. मोबाइलवरच्या शाळेत त्याचे हाल झाले, स्क्रीनवरचं वाचायचं आणि लिहून फोटो पाठवायचा, जे येत नाही नेमकं तेवढंच उरलं होतं.

पण त्याच काळात बाईंनी आणि मी मिळून बरंच केलं, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, की सर्टिफिकेटची वाट बघत थांबू नका. त्यांनी फोनवर सांगायचं आणि मी करायचं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घेऊन मधोमध एका ओळीच्या उंचीची खिडकी कापली. ती पुस्तकावर ठेवायची, एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलेलं. ती खाली सरकवत सरकवत वाचायचं. पहिल्या दिवशी त्यानं अख्खा परिच्छेद वाचला आणि मला म्हणाला, "आई, आता अक्षरं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत." मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. ताटात रवा पसरून घ आणि ध बोटानं गिरवायचे, गिरवताना मोठ्यानं म्हणायचे, हे तर जवळजवळ वर्षभर चाललं. सासूबाई आधी म्हणायच्या अन्नात कसली बोटं घालता, नंतर त्याच ताट काढून ठेवायला लागल्या.

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं, फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी शेजारच्या मुलीच्या वहीची झेरॉक्स द्यायला लागल्या, आणि वर्गात सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावणं बंद केलं. त्या शेवटच्या गोष्टीनं सगळ्यात जास्त फरक पडला. रविवारी रात्री त्याच्या पोटात दुखायचं ना, ते थांबलं.

सातवीत पुन्हा तारीख मिळाली. तीन फेऱ्या झाल्या. आधी बुद्ध्यांक चाचणी, ठोकळे जुळवायचे, चित्रातलं काय राहिलंय ते ओळखायचं, ते त्यानं मजेत केलं. त्यात नीट मार्क असले तरच पुढची चाचणी, कारण बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन, गणित यात मागे पडणं म्हणजेच हे. मग निम्हान्सची (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेनं तयार केलेली) चाचणी, वाचन, शुद्धलेखन, बघून लिहिणं, गणितं. बाहेर आला तेव्हा शर्टाची बाही घामानं ओली झाली होती. मॅडम चांगल्या होत्या, त्याला म्हणाल्या, "तुझं डोकं एकदम छान चालतं, फक्त अक्षरांचा रस्ता तुझ्यासाठी खडबडीत आहे." तो घरी येईपर्यंत एसटीत तेच वाक्य घोळवत होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्टिफिकेट आणि नंतर कार्ड आलं. पिवळं, म्हणजे चाळीस टक्के किंवा त्याच्या वर पण ऐंशीच्या आत, चाळीसच्या खाली असेल तर पांढरं येतं. त्यावर 'दिव्यांग' शब्द बघून ह्यांनी दोन दिवस जेवण नीट केलं नाही. पोराच्या कपाळावर शिक्का मारून आणलास म्हणाले. मी भांडले नाही. तिसरीतली ती वही काढली, लाल शेरा दाखवला आणि म्हटलं शिक्का तर तेव्हाच बसलाय, आळशी म्हणून, हा निदान खरा तरी आहे. त्यानंतर हेच त्याला घेऊन प्रत्येक फेरीला आले.

आठवीला शाळा बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून. तिथले मुख्याध्यापक म्हणाले आमच्याकडं असली मुलं नसतात, नववीनंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करा. त्या रात्री मी मोबाइलवर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचून काढला. आधी सातच प्रकार होते, या कायद्यानं एकवीस केले आणि त्यात अध्ययन अक्षमता आहे (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, याचं नाव मात्र त्यात वेगळं नाही, त्या पालकांची वेगळीच फरफट होते). कलम १६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अशी मुलं शाळेनं लवकरात लवकर ओळखायची आणि शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय करायचे. त्या पानाची प्रिंट काढली, अर्ज लिहिला, दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवक नंबर आणि सही-शिक्का घेतला. आवाज चढवला नाही. तेव्हापासून सतरा नंबरचं नाव कुणी काढलं नाही. तोंडी बोलणं हवेत जातं, शाळेत काहीही मागायचं तर अर्जच द्या.

एक महत्त्वाचं. हे सर्टिफिकेट कायमचं नसतं. आमच्या वेळच्या नियमानं चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी आणि अठराव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षीचं मग कायमचं. आमचा चौदा पूर्ण झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये, नववीत, म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीतच पुन्हा तपासणी करून घेतली. ओळखीच्या एकांनी दहावीच्या जानेवारीत धावाधाव सुरू केली आणि परीक्षेतल्या सवलतींचा प्रस्ताव मंडळाकडे वेळेत गेलाच नाही. शाळेनं विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, पालकांनी परस्पर नाही, आणि तो गेला का हे विचारत राहावं लागतं.

सवलती बऱ्याच असतात, जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा), साधा कॅल्क्युलेटर, एक भाषा सोडून दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. घरात सगळे म्हणाले सोपं गणित घेऊ, सुटेल पोरगं. पण त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं होतं आणि तिथं दहावीचं गणित-विज्ञान लागतं. मिळतंय म्हणून सगळं घ्यायचं नाही, पुढं काय करायचंय ते मुलाला विचारून घ्यायचं, असं माझं मत. आम्ही गणित ठेवलं आणि जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर एवढंच घेतलं.

लेखनिक शोधणं सगळ्यात अवघड गेलं. खालच्या वर्गातलं मूल लागतं, म्हणजे नववीतलं, आणि त्याची स्वतःची परीक्षा तोंडावर असते. चार घरी नकार मिळाला, मी कुणाला दोष देत नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही घाबरले असते. शेवटी मागच्या आळीतली एक मुलगी तयार झाली, तिची आई म्हणाली हिचं लिहिणं होईल आणि त्याचा पेपर होईल. डिसेंबरपासून रोज संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर बसायची. पहिला आठवडा तो तोंडच उघडेना. उत्तर माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्याला एकेक वाक्य सांगून लिहून घेणं वेगळं, ते शिकावं लागतं. 'पूर्णविराम' म्हणायचं, 'नवीन ओळ' म्हणायचं, ती लिहीपर्यंत थांबायचं. एकदा त्यानं चुकीचं सूत्र सांगितलं, तिला माहीत होतं, तिचा पेन कागदावर तसाच थांबला, तिनं त्याच्याकडं बघितलं आणि मग त्यानं सांगितलं तेच लिहिलं. मी दारातून बघत होते. तेव्हा खात्री पटली की ही मुलगी परीक्षेतही नीट राहील. आकडे तो तिला इंग्रजीतूनच सांगायचा, फिफ्टी थ्री, फॉर्टी सेव्हन.

परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, बीजगणिताला चाळीस मिनिटं. वेगळी खोली दिली होती. पहिल्याच दिवशी मूळ वेळेची घंटा झाली आणि पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागायला लागले, त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मंडळाच्या पत्राची झेरॉक्स मी त्याच्या हॉल तिकिटासोबत ठेवली होती, ती त्यानं दाखवली, केंद्रसंचालक आले आणि मिटलं, पण दहा मिनिटं गेली. दुसऱ्या पेपरपासून मी आधी अर्धा तास जाऊन केंद्रसंचालकांना भेटून यायचे.

१३ मे ला निकाल लागला. ५८.४० टक्के. गणितात पास, विज्ञानात चांगले. त्यानं पहिला फोन पाचवीच्या बाईंना लावला आणि बोलता येईना म्हणून मोबाइल माझ्याकडं दिला, तर तिकडून बाईही बोलत नव्हत्या.

आता तो आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनलाच. सर्किटचा नकाशा त्याला एकदा बघून कळतो, थिअरीची वही मात्र अजून मीच वाचून दाखवते. लेखनिक झालेली ती मुलगी पुढं दहावीला बसायची होती, तिच्या विज्ञानाच्या प्रॅक्टिकलच्या आकृत्या हा काढून देत होता. निळ्या फाइलमध्ये सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आहेत, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, ऑक्टोबर २०२७, अठरा पूर्ण, तपासणी.