दहा स्क्रूंच्या आत

ठाणे स्टेशनजवळचं लॅपटॉप दुरुस्तीचं कुठलंही दुकान घ्या. काउंटरवर दोन-तीन लॅपटॉप उपडे पडलेले असतात, आणि उपडा लॅपटॉप पस्तीस हजारांचा की दीड लाखाचा हे चटकन सांगता येत नाही. चकचकीत झाकण खाली गेलेलं, वर नुसती पाठ. पाठीवर दहा-बारा स्क्रू, त्यातले एखाद-दोन रबरी पायांखाली दडवलेले, आणि पुढच्या कडेचे बहुधा मागच्यांपेक्षा आखूड. कागदावर पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला नाही, तर लांब स्क्रू आखूडच्या भोकात पिळला जातो आणि वर मनगट टेकतो तिथे टेंगूळ येतं. घरी उघडलेले लॅपटॉप अशा टेंगळावरून ओळखू येतात.

काउंटरच्या अलीकडचा प्रश्न ठरलेला: "दादा, महागाचा घेतला असता तर टिकला असता का हो?" पलीकडचं उत्तरही ठरलेलं, आणि ठाण्यात ते हिंदीतच येतं: "महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार." म्हण ऐकायला छान आहे. ते एकदाचं रडणं केवढ्याचं, हे मात्र तिच्यात नाही.

स्वस्त लॅपटॉप पहिल्यांदा रडतो तो बिजागरीपाशी. आतला प्रोसेसर, मेमरी वगैरे मंडळी जगातल्या मोजक्या कारखान्यांतून येतात, स्वस्तातली चिप ही महागातल्या चिपची धाकटी बहीण, आणि ती सहसा मरत नाही. मरते बिजागरी. तिची पोलादी पट्टी तीन-चार बारीक स्क्रूंनी पितळी नटांना धरलेली असते आणि हे नट गरम करून प्लॅस्टिकच्या खुंट्यांत दाबून बसवलेले असतात. दोन-तीन वर्षांत बिजागरीतलं ग्रीस सुकतं, ती जड होते. झाकण उघडताना लावलेला जोर मग बिजागरी फिरवण्याऐवजी त्या खुंट्या उपटायला लागतो. एका कोपऱ्यात "कट्" असा आवाज येतो, कडेला नखाएवढी फट दिसते. त्या दिवशी थांबलं तर काम स्वस्तात होतं. माणूस थांबत नाही, आणखी महिनाभर त्याच कोपऱ्याला धरून झाकण उघडतो. मग खुंटी मुळासकट येते आणि कधीकधी बिजागरीशेजारून जाणारी स्क्रीनची केबलही चिरडली जाते.

यावर फेविक्विक चालत नाही. तो कडक होतो, आणि झाकणाच्या प्रत्येक हिसक्याला तडकतो. एपॉक्सी लागतं. जुनं प्लॅस्टिक पॉलिशपेपरने खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं, दोन्ही ट्यूब सारख्या मापाने कालवून नट बसवायचा, त्याच्या आट्यांत एपॉक्सी जाऊ द्यायचं नाही, आणि पूर्ण २४ तास झाकणाला हात लावायचा नाही. बिजागरीच्या दांड्यावर नट असेल तर तो पाव फेरा सैल करायचा. हे न करता नुसतं चिकटवून दिलं की सहा महिन्यांत गिऱ्हाईक परत. जड बिजागरी तशीच राहिलेली असते ना!

महाग मशीनमध्ये हीच पट्टी ॲल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या चौकटीत जाते. फरक खरा आहे आणि पैसे इथे वसूल होतात. पस्तीस हजारांपासून साठ-सत्तरपर्यंत चढत गेलं की वाढीव रकमेतून सहसा चौकट, बरा पंखा आणि बदलता येणारी एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, मिळते. अगदी तळच्या लॅपटॉपांत ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे साठवणुकीची साधी चिप, बोर्डावरच डकवलेली असते. विंडोजचे दोन मोठे अपडेट आले की ती तुडुंब भरते आणि धडधाकट यंत्र म्हातारं वाटायला लागतं.

सत्तरच्या पुढे मात्र पैसे बरेचदा बारीक होण्यात जातात. बारीक व्हायचं म्हणजे रॅमची (मेमरीची) खाच काढून रॅम बोर्डावरच सोल्डर करायची, बॅटरी गोंदाने चिकटवायची, कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेट मारून बसवायचा. सगळं सुंदर दिसतं. पण एक रॅमची चिप गेली की मदरबोर्ड, एक बटण गेलं की अख्खा वरचा पत्रा. ॲपलने २०१५ साली मॅकबुकमध्ये फुलपाखरू पद्धतीचा चपटा कीबोर्ड आणला. बटणांची उंची इतकी कमी की धुळीचा कण शिरला तरी अक्षर उमटेना, किंवा एकाच्या जागी दोन उमटत. २०१८ मध्ये कंपनीने त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली आणि २०२० मध्ये ती रचनाच सोडून दिली. लाखाच्या वरच्या यंत्राला धुळीचा कण पुरला, आणि आपण राहतो घोडबंदर रोडला, जिथे टॉवर आणि मेट्रो ४ यांच्या बांधकामाची धूळ बाराव्या मजल्यावरही पोचते.

धुळीचं खरं काम आत चालतं. पंखा आणि तांब्याच्या नळीची जाळी यांच्या मध्ये धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू साचून नमद्यासारखी पट्टी तयार होते. बाहेरून ब्लोअर मारला की ती आत ढकलली जाते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. पाठ उघडावी लागते, आणि पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. हे विसरून बोर्डावर स्क्रूड्रायव्हर निसटला की पुढचा खर्च विचारू नका. पंखा बाहेर काढायचा, पाती बोटाने धरून ब्रश मारायचा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि मुगाच्या दाण्याएवढी नवी लावायची. घोडबंदरला हे वर्षातून एकदा करावं. नाही केलं तरी प्रोसेसर जळत नाही, शंभर अंशांच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो. भाजते ती शेजारची बॅटरी. फुगून ती टचपॅडला खालून वर ढकलते, आणि टचपॅडचं क्लिक लागेना म्हणून माणूस टचपॅडची तक्रार घेऊन येतो.

उष्णतेचा हिशेब सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ॲडॉप्टरमध्ये. त्यातल्या नळकांडीसारख्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, तापमान छापलेलं असतं, ८५ किंवा १०५ अंश, आणि त्या तापमानाला तो किती तास काम करील हे कंपनी सांगते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास जातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तर साडेतीन वर्षांहून जास्त. ८५ अंशांना १,००० तासांचा त्याच ६५ अंशांवर ४,००० तासांत आटोपतो. साडेपाच महिने! दोघांच्या किमतीत काही रुपयांचाच फरक. राउटर दिवसरात्र चालतो, त्याचा स्वस्त ॲडॉप्टर आधी का मरतो ते यात आहे. उघडून बघितलं तर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असतं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचा, आणि उणे पट्टीची बाजू चुकवायची नाही. लॅपटॉपचा ॲडॉप्टर उशीखाली ठेवणाऱ्यांनी आपला कपॅसिटर किती अंशांवर आहे याचा अंदाज बांधावा.

नवी मुंबईत आणखी एक भागीदार आहे, खाडी. दमट हवेत नाल्याच्या वासातला हायड्रोजन सल्फाइड मिसळला की तांबं काळं पडतं. नाल्याकडेच्या इमारतींमध्ये एसीच्या कॉइलला बारीक भोकं पडून गॅस उडतो, तो पाच तारे बघत नाही. लॅपटॉपला याचा त्रास होतो तो बंद ठेवला तर. रोज वापरातलं यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. "चांगला आहे, जपून ठेवू" म्हणून जूनमध्ये कपाटात गेलेला महागडा लॅपटॉप गणपतीत बाहेर काढला की बुरशीचा वास येतो आणि रिकामी ठेवलेली बॅटरी जागी होत नाही. ठेवायचाच तर बॅटरी निम्मी भरून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि महिन्यातून एकदा तासभर चालू करून.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगटाला झिणझिण्या आल्या तर लॅपटॉप बदलायची गरज नाही. बहुधा अर्थिंग मिळत नसतं. ॲडॉप्टरचा प्लग तीन पिनांचा असेल तर भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंग आहे का बघायला इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लॅस्टिकच्या स्वस्त लॅपटॉपवर हे कळतच नाही, घराची वायरिंग तपासायचं यंत्र म्हणून महागाचा उपयोग आहे तो असा.

यंत्र धडधाकट असूनही मरण येतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी पिढी लागते. त्याच्या आधीचे दीड लाखाचे आणि पस्तीस हजारांचे लॅपटॉप एकाच दिवशी म्हातारे झाले. लिनक्स टाकून दोघांनाही पुढे चालवता येतं, इतकंच.

टिकाऊ म्हणावा असा लॅपटॉप दिसायला ठोकळा असतो. कंपन्या कर्मचाऱ्यांना देतात ते लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. त्यांचे स्क्रू साधे, सुटे भाग मिळतात, कसं उघडायचं याची पुस्तिका कंपनीच जाहीर ठेवते, आणि काही मॉडेलांच्या कीबोर्डखाली सांडलेलं पाणी वाहून जायला चक्क मोऱ्या असतात. कटिंग चहालाही त्या चालतात, साखर मात्र मागे राहते. ऐरोली, घणसोली, महापेच्या ऑफिसांतून असे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी घाऊक विकले जातात आणि नव्या स्वस्त लॅपटॉपच्या किमतीत, कधी त्याहून कमीत, मिळतात. घेताना विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आजची क्षमता बघावी, निम्मी उरली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागावेत. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रणालीला, पासवर्ड नाही ना, हे बघावं. विंडोज पहिल्यापासून रीसेट करून दुकानाच्या वायफायला जोडावी. पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागितलं, म्हणजे तो अजून त्या कंपनीच्याच ताब्यात असला, तर लॅपटॉप तिथेच ठेवून निघावं, दुकानदार कितीही "होऊन जाईल साहेब" म्हणाला तरी.

नवाच हवा असेल तर मॉलमधल्या शोरूममध्ये जाऊन झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा, पडदा पिळवटतो का बघा. मग लॅपटॉप उलटा करून पाठीवरचे स्क्रू मोजा. लगेच कोणीतरी धावत येईल आणि म्हणेल, "मॅडम, खाली काय बघताय, डिस्प्ले बघा ना!"